कॉर्न स्नेकच्या टँकमध्ये सजावटीला काय ठेवता येईल? बागेतली फांदी, गोटे, शिंपले चालतील का?

तुमच्या मुलानं दोन आठवड्यांपूर्वी कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलंय, टँक ओकाबोका दिसतो म्हणून त्याला तो सजवायचाय आणि घरात बागेतली वाळकी फांदी, नदीतले गोटे आणि समुद्रावरून आणलेले शिंपले तयार आहेत, असं तुम्ही लिहिलंय. फांदी चालेल, पण आधी तिच्यावर थोडं काम करावं लागेल. गोटे मोजकेच ठेवा. शिंपले नकोत.

आम्ही इंग्लंडात राहतो आणि आमच्याकडे केशर नावाची कॉर्न स्नेक मादी गेली नऊ वर्षं आहे. ती आली तेव्हा पेन्सिलीएवढी होती. दिवाळी तोंडावर आली होती, इथल्या थंडीत आणि चिखलात अंगणात किल्ला काही होत नाही, तेव्हा मुलीनं हट्ट धरला की किल्ला केशरच्या टँकमध्ये करायचा. माशांच्या टाकीत ठेवतात तसला रेझिनचा एक किल्ला आम्ही आणला. पाण्यात माशांना चालतो म्हणजे त्यात विषारी काही नसणार, एवढा विचार केला होता आणि तो बरोबरही होता. खिडक्यांचा विचार मात्र कोणीच केला नाही.

दोन वर्षांनी एका रात्री, उंदीर गिळल्यावर तासाभरानं, केशर त्या किल्ल्यात शिरली आणि खिडकीतून बाहेर पडायला लागली. डोकं आणि वीतभर अंग बाहेर, उंदराचा फुगवटा आत. तिला पुढे जाता येईना. मागेही येता येईना, कारण सापाचे खवले कौलांसारखे शेपटीच्या दिशेनं एकावर एक रचलेले असतात. पुढे सरकताना ते सपाट बसतात, पण मागे ओढलं की कडेला अडकून उभे राहतात. मी तिचं अंग हातावर तोलून धरलं, खिडकीच्या कडेनं स्वयंपाकाचं तेल सोडत राहिले आणि नवऱ्यानं पक्कडीनं रेझिनचा एकेक कण तोडला. तिचा श्वास माझ्या बोटांना जाणवत होता. पाऊण तास लागला. तीन-चार खवले उचकटले गेले आणि दुसऱ्या दिवशी तिनं तो उंदीर ओकून टाकला. डॉक्टरांनी दोन आठवडे काहीच खायला देऊ नका आणि नंतर अगदी लहान उंदीर द्या म्हणून सांगितलं. दोन वेळा कात टाकल्यावर ती जागा भरून आली.

म्हणून सजावटीची कुठलीही वस्तू हातात घेतली की पहिल्यांदा तिची भोकं बघा. भोक इतकं लहान हवं की सापाचं डोकंच आत जाणार नाही, नाहीतर इतकं मोठं हवं की जेवलेल्या सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दुपटीनं तरी भरेल. या दोन मापांच्या मधलं भोक हाच धोका, कारण तिथून डोकं जातं आणि अंग अडकतं. तुमचं पिल्लू आज ज्या भोकातून सहज जातंय, त्यातच ते वर्षभरानं अडकेल. कवटीच्या आकाराच्या हाईडचे, म्हणजे सापाला लपायला ठेवतात त्या खोपीचे, डोळे, नारळाच्या करवंटीला पाडलेली भोकं, मातीच्या कुंडीच्या तळाचं पाणी जायचं भोक, हे सगळं यात आलं. कुंडी आडवी करून ठेवायला छान असते, फक्त ते भोक बाहेरून काचेला टेकवा किंवा सिलिकॉननं बुजवून टाका. शिंपल्यांना मी नको म्हटलं तेही यासाठीच. शंखाचा पोकळ भाग आत अरुंद होत जातो आणि फुटक्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते. कोळ्याचं जाळं किंवा बागेतली जाळी शोभेला लावायचा विचार असेल तर तोही सोडा. जाळीत गुंतलेला साप जितका वळवळतो तितका जास्त आवळला जातो.

आता तुमच्या मुलाला एक गोष्ट समजावून सांगा, कारण पुढची सगळी खरेदी तिच्यावर ठरेल. आपल्याला ओकाबोका दिसणारा टँक पिल्लासाठी उघडं माळरान असतो. घार कुठून झडप घालेल सांगता येत नाही, अशा मैदानात त्याला बसवल्यासारखं होतं. मग ते खात नाही, सतत काचेवर नाक घासत फिरतं. त्यामुळे सजावट म्हणजे आधी लपण. निदान दोन हाईड हवेत, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, आणि दोन्ही शक्यतो सारखेच. एकच असलं तर सापाला ऊब घ्यायची की लपायचं, यातलं एकच निवडता येतं आणि तो बहुधा लपणंच निवडतो. वेटोळं करून बसल्यावर तीन बाजूंनी भिंत अंगाला लागेल इतपतच हाईड मोठं हवं. ऐसपैस गुहा आपल्याला आवडते, त्याला नाही. सुरुवातीला पुठ्ठ्याचा छोटा खोका किंवा टॉयलेट रोलची नळी उत्तम चालते. पैसे लागत नाहीत, घाण झाली की टाकून द्यायची. नळीत शिरायला पिल्लू जाड व्हायला लागलं की मात्र ती लगेच काढा.

तिसरं लपण कात टाकण्यासाठी. आम्ही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला मोठं भोक पाडलं, त्याची कड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली आणि आत ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ, भरलं. डोळे दुधाळ निळसर झाले की केशर आपणहून त्यात जाऊन बसायची आणि कात एकसंध निघायची. आता ती मोठी झाली, डबाही मोठा झाला.

फांदीचं बोलू. झाड कोणतं हे माहीत असेल तरच ती वापरा. ओक, बीच, सफरचंद चालतं. सीडर अजिबात नको, त्याच्यातल्या उग्र तेलाचा सापाला त्रास होतो. पाइनसारखी चिकट डिंकाची लाकडंही टाळा. यू, कण्हेर, ऱ्होडोडेंड्रॉन ही विषारी झाडं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. जिथे कीटकनाशक मारलेलं असेल तिथली फांदीही नको. आणलेली फांदी कडक ब्रशनं घासा, सुटी साल काढा, टोकं आणि काटे घासून काढा. मग ओव्हनमध्ये 120 अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण 250 फॅरनहाइटला, तासभर ठेवा आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरातून हलू नका. ओव्हनमध्ये मावत नसेल तर उकळतं पाणी ओतून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. एवढा खटाटोप मुख्यतः किडे आणि बुरशीसाठी. विकतची लाकडंही धुऊनच घ्या, कारण दुकानात आजूबाजूला साप असतात आणि त्यांच्यावरची गोचिडीसारखी बारीक काळी माइट लाकडाच्या भेगेतून घरी येते. ती एकदा घुसली की महिनोन् महिने पिच्छा सोडत नाही.

फांदी नीट पक्की करा. कॉर्न स्नेक चढण्यात पटाईत असतो, वाढला की चार-पाच फुटांचा होतो, आणि डुगडुगणारी फांदी त्याच्यासकट खाली येते. मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते कॉर्क. बाटलीच्या बुचाचं असतं तेच. कॉर्क ओकची साल साधारण नऊ वर्षांनी सोलून काढतात आणि झाड उभंच राहतं. वजनाला हलकं, ओलाव्यानं सहजी कुजत नाही, आणि अंगावर पडलं तरी साप चिरडत नाही. कॉर्कची एक गोल नळी आणि दोन सपाट तुकडे आणलेत तरी टँकचं रूप पालटेल.

गोट्यांची भीती वजनाची. हा साप खाली उकरत जातो. भुशावर ठेवलेल्या दगडाखाली त्यानं उकरलं की दगड खाली बसतो आणि साप दबतो. म्हणून जड वस्तू आधी टँकच्या तळावर टेकवायची आणि मग भोवती भुसा भरायचा. दगडांची रास रचायची असेल तर ॲक्वेरियमचं सिलिकॉन लावून जोडा आणि आंबट वास पूर्ण जाईपर्यंत टँकमध्ये ठेवू नका. नदीतले गोटे ओव्हनमध्ये घालू नका किंवा उकळू नका. आत पाणी मुरलेलं असेल तर ते फुटून उडतात. गरम पाणी आणि ब्रश एवढं पुरतं. एखादा सपाट दगड जरूर ठेवा, त्यावर उंदीर दिलात तर ओल्या उंदराला भुसा चिकटून पोटात जात नाही.

प्लास्टिकची पानं चालतात, ती पिल्लाला आडोसाही देतात. प्रत्येक पान जोरात ओढून बघा, तारेचं टोक कुठे बाहेर आलंय का ते चाचपा, आणि रात्रभर गरम पाण्यात बुडवून ठेवा. पाणी रंगलं तर परत करा. कापडी पानांचे धागे सुटतात, ती नकोत. खरी झाडं हवी असतील तर मनीप्लांट बिचारा सगळं सोसतो. साप पानं खात नाही. फक्त नर्सरीची माती झटकून, मुळं धुऊन, खत नसलेल्या मातीत लावा.

आणि चिकटपट्टी, हे मी हात जोडून सांगते. टँकच्या आत सेलोटेप, डबल टेप, मागे चिकट असलेला थर्मामीटर, काहीही नको. खवल्यांना टेप चिकटली आणि कोणी घाईनं ओढली तर कातडीच सोलून येते. कधी झालंच तर तेल चोळत चोळत सावकाश सोडवायची, किंवा सरळ डॉक्टरकडे न्यायचं. तापणारा दगड, ज्याला हीट रॉक म्हणतात, तोही दुकानदार सजावटीत खपवतात. साप पोट भाजेपर्यंत त्याच्यावरून उठत नाही. ऊब थर्मोस्टॅट लावलेल्या साधनानंच द्या, गरम बाजू 30 ते 32 अंश सेल्सिअस ठेवा, आणि दिवा आत असेल तर त्याला जाळीचं कव्हर लावा. केशर अशा दिव्याला वेटोळं घालायला बघायची.

हे भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडचे धामण, नानेटी, मांडूळ वगैरे साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या CITES या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या विदेशी सापांची 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा टँक सजवायच्या आधी ते बघा.

तुमच्या मुलाला म्हणावं, या शनिवारी फक्त दोन हाईड, मॉसचा डबा आणि पानांची एक वेल एवढंच ठेव, आणि पुढचे दहा दिवस पिल्लाला हातही लावू नकोस. ते एकदा जेवलं की मग फांदी. ती लावण्याआधी तिचा आणि टँकच्या झाकणाचा फोटो इथे टाका. वरचं टोक झाकणाच्या फटीपर्यंत पोचतंय का ते मला बघायचंय, पिल्लं तिथूनच निसटतात.