त्या पत्त्यावर आधी लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. रशियात कझानला परतताना गाडीत भेटलेल्या आजी-आजोबांनी तुला आग्रहाने जेवू घातले आणि उतरताना पत्ता लिहून दिला. आता महिना उलटल्यावर त्यांना पत्र पाठवणे लोचटपणाचे दिसेल का, असे तू विचारतेस. दिसणार नाही. पत्र लिही, आणि याच आठवड्यात लिही.

2003 साली मी मॉस्कोहून इर्कुत्स्कला प्लात्सकार्त डब्यातून गेलो होतो: 54 बर्थ, खणांना दारे नाहीत, टोकाला उकळत्या पाण्याचा बंब आणि 5,185 किलोमीटरचे अंतर. गाड्या तेव्हा देशभर मॉस्कोच्या वेळेने चालत, त्यामुळे घड्याळ एक सांगे आणि पोट दुसरेच. समोर त्वेर शहरातल्या एक निवृत्त शिक्षिका नातवासह बसल्या होत्या. मी रेवदंड्याचा, हे समजावण्यासाठी वहीत किनारा रेखाटून शेजारचे चौल दाखवले, तेव्हा त्या ‘चिविल!’ म्हणत उभ्याच राहिल्या. त्यांच्या गावचा व्यापारी अफानासी निकितिन 15व्या शतकात विकायचा घोडा घेऊन चौललाच उतरला होता; त्याच्या टिपणांत चौलचे नाव ‘चिविल’ असे आहे. त्याचे स्मारक आमच्या गावात आदल्याच वर्षी उभे राहिले होते, आणि मी त्यावरचे नावही कधी धड वाचले नव्हते.

नातवाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून बाईंनी पुढचे सांगितले. जुन्नरच्या खानाने निकितिनचा घोडा काढून घेतला आणि परत हवा असेल तर धर्म बदल, म्हणून चार दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात खुरासानचा महंमद नावाचा कोणी तिथे आला आणि त्याने रदबदली करून घोडा सोडवून दिला. निकितिन स्वतः घरी पोहोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याची टिपणे मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन पोहोचवली, म्हणून तर त्या महंमदाचे नाव त्या बाईंना ठाऊक होते. कुणीतरी पोहोचवले, हे नीट लक्षात घे.

मी त्यांना स्मारकाचा फोटो पाठवण्याचे कबूल केले होते. पाठवला नाही. नोकरी होती, आईचे आजारपण होते, रशियन लिपीतला पत्ता उतरवणे जड जात होते, ही कारणे खोटी नाहीत. माझ्या जागी कोणाचेही असेच झाले असते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला बजावले. पण चार फोटो काढले होते, त्यांतला एकही मनासारखा नव्हता, म्हणून मी चांगल्या फोटोची वाट पाहत राहिलो, हे अधिक खरे. ‘माझे रशियन अजून कच्चे आहे’ हे तुझे वाक्य त्याच जातीचे आहे, म्हणून वाचताना मला राग आला. कच्च्या रशियनमध्येच लिही. जेवू घालताना त्यांनी तुझे व्याकरण तपासले नव्हते.

रागावलो, ते मनात ठेवू नकोस. सोबत माझ्या वहीतल्या एका पानाची प्रत जोडली आहे. शाई फुटली आहे, पण त्वेर हा शब्द लागतो. खालच्या दोन ओळी तुला वाचता आल्या तर देवनागरीत उतरवून पाठव. आधी तुझे पत्र टाक, मग हे.

तुझा,
काका