लिमिटेड एडिशन स्पोर्ट्स कार न चालवता ठेवली तर रिसेलला भाव येतो का?

तुम्ही विचारलंय, पाचशेपैकी एक असलेली स्पोर्ट्स कार मिळतेय, घेऊन न चालवता झाकून ठेवली तर पुढे चांगला भाव येईल का. ते ‘न चालवता झाकून’ वाचलं आणि राहवलं नाही. हेच शब्द मी गेली बारा वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकत आलोय.

आधी त्या पाचशेचं बोलू. पाचशेपैकी एक म्हणजे कंपनीने नंबरच्या पाचशे पाट्या ठोकल्या, बस. पाचशे एकावा माणूस त्या गाडीसाठी तडफडतोय का, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. फेरारीने १९८७ मध्ये एफ४० आणली तेव्हा ४०० च काढायच्या असं ठरलं होतं. निघाल्या तेराशेच्या वर. तरी आज ती घ्यायला लोक रांग लावतात, कारण कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत आलेली ती शेवटची नवी फेरारी आणि एका अख्ख्या पिढीच्या भिंतीवर तिचं पोस्टर होतं. उलट जग्वार एक्सजे२२० बघा. पावणेतीनशेच्या आसपासच निघाल्या, म्हणजे एफ४० पेक्षा कितीतरी दुर्मीळ. १९८८ मध्ये दाखवताना व्ही१२ म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद. हातात दिली तेव्हा टर्बोवाला सहा सिलिंडरचा व्ही६ आणि फक्त मागच्या चाकांना. मध्ये मंदी आली. ज्यांनी पैसे भरून नंबर लावले होते त्यांच्यातले कित्येक सौद्यातून सुटायला कोर्टात गेले. पुढे बरीच वर्षं ती नव्याच्या किमतीपेक्षा स्वस्तात फिरत होती. आता कुठे तिला पुन्हा मान आलाय. लेक्सस एलएफए तर नेमक्या ५००, तुमच्या गाडीएवढ्याच. उत्पादन २०१२ मध्ये संपलं आणि काही गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षं शोरूममध्ये नव्याकोऱ्या पडून होत्या. आज तिचा भाव मूळ किमतीच्या वर आहे.

आता आमचं. दाजींनी आणि मी एकाच वर्षी एकच मॉडेल घेतलं. दोन सीट, इंजिन मधोमध, हाताचा गिअर, आणि ‘एवढ्याच काढणार, पुन्हा नाही’ असं कंपनीचं वचन. नाव घेत नाही. माझ्या डॅशबोर्डवर १८७ ची पाटी, दाजींच्या १८८ ची. एका आकड्याने मागे राहिल्याचं त्यांना आजही सलतं, बोलून दाखवत नाहीत इतकंच.

दाजींनी गाडी घरी आणली तीच मुळी ट्रकवरून. सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही. वर मऊ कव्हर, गॅरेजला दुसरं कुलूप. “एकेक किलोमीटर म्हणजे एकेक नोट जाळणं आहे, कळतंय का तुला?” मी म्हटलं, “मग दाजी, फोटोच घ्यायचा होतात. तो कधी जुना होत नाही.” तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, तू गाडीची माती करणार.

मी चालवली. पावसात चालवली, घाटात चालवली, एकदा गावाला जाताना ताईला शेजारी बसवून, तिच्या दोन बॅगा तिच्याच मांडीवर ठेवून चालवली (ती पुन्हा बसली नाही). नऊ वर्षांत ५८,००० किलोमीटर झाले. दाजींचे ६४०, आणि त्यातलेही निम्मे पहिल्या तीन वर्षांत सर्व्हिसिंगला नेण्या-आणण्याचे. पुढे त्यांनी तेही बंद केलं. चालतच नाही तर ऑइल कशाला बदलायचं, असा हिशोब.

तिसऱ्या वर्षी कंपनीने आम्हाला गंडवलं. तीच बॉडी, इंजिनाला जास्त ताकद, बाजूला पट्टे, आणि ‘फक्त ३००’. आमच्या गाडीचा भाव महिन्याभरात धाडकन खाली. डीलरने समजावलं की ‘पुन्हा नाही’ म्हणजे अगदी तशीच पुन्हा नाही. दाजी दोन आठवडे कोणाशी धड बोलले नाहीत. हे फक्त आमच्याच नशिबी आलं असं समजू नका. पोर्शने २०१६ मध्ये ९११ आर काढली, मोजून ९९१ गाड्या. जीटी३ या शर्यतीवरून बेतलेल्या ९११ चं रक्त आणि हाताचा गिअर एकत्र, तेव्हाच्या नव्या ९११ मध्ये फक्त तिच्यातच, म्हणून सट्टेवाल्यांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव चढवला. पुढच्याच वर्षी पोर्शने साध्या जीटी३ ला हाताचा गिअर दिला, तिचीच टूरिंग नावाची आवृत्ती काढली, आणि आरचा फुगा बसला. मूळ किमतीच्या खाली गेली नाही ती, पण शिखरावर घेणारे पोळले. तेव्हा तुमची गाडी कंपनी उद्या वेगळ्या नावाने काढू शकते का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. इंजिनाची ती जातच बंद होणार असेल, प्रदूषणाच्या नियमांमुळे किंवा हाताचा गिअर संपल्यामुळे, तर गोष्ट वेगळी.

नवव्या वर्षी दाजींनी विकायला काढली. गिऱ्हाईक येणार म्हणून आदल्या दिवशी कव्हर उचललं, किल्ली फिरवली. काही नाही. बॅटरी मेलेली, ते एक वेळ ठीक. नवी टाकली तर पेट्रोल पोचेना. जुनं पेट्रोल टाकीत बसून डिंकासारखं झालेलं, इंजेक्टर चोंदलेले. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसलेली. टायर एका जागी उभे राहून खालून चपटे. हे सगळं निस्तरून इंजिन एकदाचं गरम झालं तेव्हा सुकलेल्या सीलमधून तेल गळायला लागलं, म्हणजे इंजिन खाली उतरवणं आलं. मेकॅनिकने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ही पुरात होती का?” तो माझ्या आयुष्यातला फार मोठा क्षण होता.

रबर किलोमीटर मोजत नाही हो, वर्षं मोजतं. टायमिंग बेल्ट, होज, सील, सगळ्यांचं तेच. एफ४० मध्ये पेट्रोल रबरी पिशव्यांत असतं. गाडी शर्यतीत पळो की दिवाणखान्यात उभी राहो, त्या पिशव्या ठराविक वर्षांनी बदलाव्याच लागतात. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा ओडोमीटरच्या आधी टायरच्या कडेचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ असेल तर टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसते म्हणून त्यावर बसून वेग घेऊ नका.

आता आकडे, मूळ किंमत १०० धरून. दाजींची गाडी १४० ला गेली. आजही घरात चार माणसं जमली की हा १४० कानावर येतो. पण त्यातून दुरुस्तीचे १९ गेले, दलालाचे १४, नऊ वर्षांचा विमा आणि वेगळ्या घेतलेल्या गॅरेजचं भाडं मिळून २२. हातात राहिले ८५. माझी गाडी सहा महिन्यांनी थेट एका माणसाने ९२ ला घेतली. त्याने ओडोमीटर बघितला, मग माझी फाइल मागितली. प्रत्येक सर्व्हिसची पावती, बदललेल्या प्रत्येक पार्टचं बिल, इंजिन आणि चॅसिसचे नंबर कागदाशी जुळणारे. फाइल तासभर चाळली आणि घासाघीस न करता पैसे दिले. ९२ आणि ८५. दाजी, वाचताय ना?

आणि किलोमीटरचा एवढा बाऊ करणाऱ्यांना मी फेरारी २५० जीटीओ दाखवतो. १९६२ ते ६४ मध्ये ३६ निघाल्या, त्याही शर्यतीत पळायला. घासल्या, ठोकल्या, पुन्हा बांधल्या. त्यातली एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मिस्टर बीनवाल्या रोवन अॅटकिन्सनने आपली मॅकलॅरन एफ१ (नावात एफ१ असलं तरी रस्त्यावरची गाडी) सुमारे ६६,००० किलोमीटर चालवली, दोनदा ठोकली, आणि २०१५ मध्ये ती साधारण ८० लाख पौंडांना विकली गेली.

पण खोटं नको सांगायला. तशीच एक मॅकलॅरन एफ१, चारशे किलोमीटरही न चाललेली, २०२१ मध्ये लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. त्या पातळीवर न चाललेली गाडी खरंच वेगळा भाव खाते, हे मान्य. फक्त त्या मॉडेलच्या सगळ्या मिळून १०६ च निघाल्या, आणि अशा गाड्या जपायला माणसं ठेवलेली असतात. तुमच्या-माझ्या पाचशेवाल्या पाटीला तो नियम लावू नका. लावायचाच असेल तर बॅटरीला कायमचा चार्जर, दरवर्षी ऑइल आणि ब्रेक फ्लुइड, आणि अधूनमधून इंजिन नीट गरम होईल इतकी फेरी, एवढं तरी करा. उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करून बंद करणं सर्वांत वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

आणखी एक. हे उत्तर ताईला दाखवलं तर ती म्हणाली, “तुझा विमा आणि टायर धरलेस का?” नव्हते धरले. विमा १४, टायर, क्लच आणि सर्व्हिस मिळून ३१. म्हणजे माझ्या हातात ४७ च राहिले. तिचं गणित बरोबर आहे. त्या फरकात मी ५८,००० किलोमीटर बसलो त्या सीटवर, हे तिच्या गणितात येत नाही. आणि दाजींचे ८५ सुद्धा शेवटी १०० चेच झालेत, तेव्हा गुंतवणूक म्हणून विचारत असाल तर पैसे दुसरीकडे ठेवा.

दाजींनी गेल्या वर्षी आणखी एक घेतली. पुन्हा कव्हर, पुन्हा दुसरं कुलूप. फरक इतकाच की महिन्यातून एका रविवारी ते किल्ली माझ्या हातात देतात. पंचवीस किलोमीटरची परवानगी असते. परत आलो की आधी ओडोमीटर बघतात, मग मला चहा विचारतात.