‘सरासरी’ पावसाच्या सरीतून आलेली नाही

लातूरहून आलेला प्रश्न: ‘मराठवाड्याने पावसाची सरासरी गाठली’ अशी बातमी वाचली. आमच्याकडे तर ऑगस्टमध्ये सोयाबीनची फुलं गळून गेली. ‘सरासरी’ हा शब्द पावसाच्या ‘सरी’वरून आला असं सांगतात, ते खरं का? आणि ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हणजेच ‘अवर्षण’ का?

सरीवरून आला नाही. सांगणाऱ्यांनी मराठीची घडणसुद्धा पाहिलेली दिसत नाही. नामाची पुनरुक्ती करून ‘प्रत्येक’ किंवा ‘सगळीकडे’ असा अर्थ आणायचा तर आपण मधे ‘ओ’ घालतो: घरोघर, दारोदार, सालोसाल. पावसाच्या सरीपासून शब्द करायचा असता तर तो ‘सरोसर’ झाला असता. (‘भराभर’, ‘झराझर’ पुढे करू नका. ते वेग आणि नाद दाखवणारे शब्द, त्यांची जात वेगळी.)

‘सरासरी’ फारसी आहे. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ते आपल्या संस्कृत ‘शिरस्’चं सख्खं भावंड. सरकार, सरदार, सरहद्द, सरनोबत यांतला ‘सर’ तोच. दोन ‘सर’ मधल्या ‘आ’ने जोडले की ‘सरासर’: या टोकापासून त्या टोकापर्यंत. अगदी याच साच्यातला दुसरा शब्द ‘लबालब’. लब म्हणजे ओठ. भांडं या ओठापासून त्या ओठापर्यंत भरलेलं. ‘सरासर’वरून ‘सरासरी’ म्हणजे टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवून, तपशिलात न शिरता केलेला ढोबळ अंदाज. गणिताचा काटेकोर अर्थ त्यावर मागाहून चढला. म्हणून ‘सरासरी’ काढून ‘मध्यमान’ बसवा म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. ‘मध्यमान’ मोठ्या ऐटीत बसतं. ‘सरासरी’ मात्र आपण ढोबळ आहोत हे स्वतःच्या नावातच सांगून टाकते.

हा ढोबळपणा मराठवाड्याइतका क्वचितच कुठे महाग पडत असेल. जून ते सप्टेंबरचा पाऊस ६८० मिलिमीटरच्या आसपास धरा. हवामान खातं उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतच्या पावसाला ‘सामान्य’ म्हणतं. म्हणजे ५५१ मिलिमीटरही सामान्य आणि ८०९ही सामान्य. आता एकच महिना घ्या. एखाद्या महसूल मंडळाची (म्हणजे काही गावांच्या गटाची) ऑगस्टची सरासरी १८० मिलिमीटर समजा. पहिले २१ दिवस कोरडे गेले, शेवटच्या आठवड्यात दोन रात्री ९०-९० पडला, तर महिन्याची टक्केवारी शंभर. पण सोयाबीनची फुलं आणि कोवळ्या शेंगा त्या २१ दिवसांतच गेल्या, आणि नंतरचं बरंचसं पाणी ओढ्याला गेलं. ‘लबालब’चंही तसंच. जायकवाडी लबालब असली म्हणजे नाशिककडे पाऊस झाला, एवढंच कळतं.

साल-दरसालच्या टोकांचं उदाहरण तुमच्या लातूरचंच आहे. २०१४ आणि २०१५ या लागोपाठ वर्षांत मराठवाड्यात ४० टक्क्यांच्या आसपास तूट होती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच वर्षीच्या पावसात मांजरा धरण भरलं. या तिन्ही वर्षांच्या सरासरीत ना रेल्वे दिसते, ना भरलेलं धरण.

यावर ‘पर्जन्यछाया’ हा शब्द उत्तरासारखा फेकला जातो, त्याचाही कंटाळा आला आहे. छाया एका जागी असते. सह्याद्री ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, कोरडी पडते, म्हणून आष्टी-पाटोद्याकडे पाऊस कमी आणि पूर्वेला नांदेडकडे जास्त. इथवर ठीक. पण मागच्या वर्षी पडला आणि यंदा का नाही, हे डोंगर कसा सांगणार? तो तर जागचा हलला नाही. हलतात त्या वेगळ्या गोष्टी. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडे सरकत आली तर मराठवाडा भिजतो. मान्सूनची आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी गेली की तिकडे पूर आणि इकडे पावसात खंड. (ही ‘आस’ गाडीच्या आसासारखी, ‘अक्ष’वरून आलेली, आशेची ‘आस’ निराळी. ऑगस्टमध्ये दोन्ही एकदमच लांब जातात.) एल निनोत प्रशांत महासागराचा पूर्वभाग तापतो, वर चढणारी हवा तिकडे सरकते आणि आपल्याकडे खाली उतरणाऱ्या हवेचा दाब ढगांना वाढू देत नाही. तरी तेही नेमाने घडत नाही. १९९७ चा एल निनो जबर होता, देशाचा पाऊस सामान्य राहिला. २००२ चा त्याहून सौम्य, आणि देशात सुमारे १९ टक्के तूट. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापलेला असेल तर एल निनोचा मार कधी कधी बोथट होतो.

शिवाय सरासरी स्वतःही सरकते. देशाची मोसमी सरासरी ८९ सेंटिमीटर सांगत, मग ८८ आली, १९७१ ते २०२० ची धरून आता ८७ आहे. कोरड्या मुलखात आणखी एक खोड असते. दोन-चार अतिवृष्टीची वर्षं सरासरी वर ओढतात, त्यामुळे सरासरीखालची वर्षं निम्म्याहून जास्त निघू शकतात. मग ‘सरासरी गाठली’ या वाक्यात गाठलं ते नेमकं काय?

अवर्षणाचं राहिलंच. ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हणजे अवर्षण नव्हे. हवामानाच्या भाषेत हंगामाचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली गेला की अवर्षण, तूट ५० टक्क्यांपुढे गेली की तीव्र अवर्षण. दुष्काळ मात्र ‘काळ’ आहे; त्यात चारा, पाणी, मजुरी, पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज) सगळं येतं आणि तो जाहीर करणं सरकारचं काम. २०१६ पासून हवामान खात्याने देशाच्या पावसापुरता ‘ड्रॉट’ हा इंग्रजी शब्द सोडून ‘तुटीचं वर्ष’ म्हणायला घेतलं, ते योग्यच केलं. आणि तुमची फुलं गळाली त्याला ‘खंड’ म्हणा, नाहीतर ‘पावसानं ताण दिला’ म्हणा. बातमीवाले म्हणतात तसं ‘उघडीप’ म्हणू नका. उघडीप कोळपणीला, पिकातलं तण काढायला, हवी असते.