बस अपघातात आईचा पाय मोडला, बसवाले म्हणतात चूक ट्रकची. मग भरपाई कोणाकडे मागायची? आई ५२ वर्षांची, घरी शिलाई करते. कोणीतरी म्हणालं अडीच लाख मिळतात, ते खरं का?

दोघांकडे मागा. आई सीटवर बसली होती, तिची काय चूक असणार? दोन गाड्यांच्या चुकीत प्रवासी जखमी झाला तर तो पूर्ण रक्कम त्यातल्या कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, नंतर त्यांनी आपसात काय वाटून घ्यायचं ते घेऊ दे, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच हे स्पष्ट केलंय. त्यामुळे दाव्यात बसमालक, ट्रकमालक आणि दोघांच्या विमा कंपन्या असे चौघेही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते, करा. बस एसटीची होती की ट्रॅव्हल्सची ते तुम्ही लिहिलं नाहीये, एसटी असेल तर थेट महामंडळच सामनेवाला होतं, आणि तिकीट हरवू नका.

मी वायरमन आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला येत होतो, पहाटे आमची बस पुढच्या कंटेनरला मागून धडकली आणि माझा उजवा खांदा गेला. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी बसमालकाचा माणूस आला, अगदी गोड बोलला, २० हजार रोख दिले आणि एका कागदावर सही घेतली, बायको एकटी, मी इंजेक्शनच्या गुंगीत, कोणी वाचलंच नाही. त्यात लिहिलं होतं की माझी काही तक्रार नाही, सगळं मिटलं. तो कागद नंतर कोर्टात समोर आला आणि तो खोडून काढण्यात माझे कितीतरी महिने गेले. म्हणून हात जोडून सांगतो, आईची कुठेही सही होऊ देऊ नका, अंगठा तर नाहीच.

अजून एक, डिस्चार्ज कार्ड आजच काढून वाचा. माझ्या केस पेपरवर घाईत कोणीतरी 'पडून मार' असं लिहिलं होतं, बस अपघाताचा उल्लेखच नाही, आणि विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत त्यावरूनच मला धरलं. चुकलं असेल तर डॉक्टरांना आत्ताच लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, दोन वर्षांनी कोणी करत नाही. एमएलसी नंबर (दवाखान्यात पोलीस केस म्हणून होणाऱ्या नोंदीचा), एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, एक्सरेच्या प्लेटा, मेडिकलची ओरिजिनल बिलं, रिक्षाचा खर्चसुद्धा तारखेवार वहीत लिहा. गाडी नंबरवरून विमा कोणाचा ते एम परिवहन या सरकारी ॲपवर दिसतं.

मुदत सहा महिन्यांची आहे, अपघाताच्या तारखेपासून. एप्रिल २०२२ पासून कायद्यात ही मुदत आलीय, पूर्वी अशी नव्हती, त्यामुळे गावातली जुनी माणसं 'कधीही टाका दावा' म्हणतील, त्यांचं ऐकू नका. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे जिल्हा कोर्टातच चालतो, आणि अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी आई राहते तिथेच टाकता येतो, हे खूप लोकांना माहीतच नसतं आणि ते उगाच तिकडे चकरा मारतात.

आता अडीच लाखाचं, जे तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात ही तरतूद खरी आहे, हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच धरतात. पण विमा कंपनीकडून ते पैसे स्वीकारले की मोठा दावा तिथेच संपतो. त्यामुळे आधी आईचं खरं नुकसान किती ते बघा.

आणि नुकसान बघताना नुसतं अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरच्या टक्क्यावर जाऊ नका. मला सिव्हिलमधून १८ टक्के मिळालं. पण माझं काम छताचं, पंखे बसवायचे, पाईप टाकायचे, आणि हात खांद्याच्या वर जातच नाही, मग १८ टक्क्याला काय अर्थ? २०११ च्या राजकुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय की शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्याने कमाई किती बुडाली ते बघायचं. माझ्या वकिलांनी कॉन्ट्रॅक्टरची साक्ष काढली आणि कोर्टाने ४० टक्के धरलं.

तुमची आई ५२ वर्षांची, घरी शिलाई करते, पायाचं मशीन. समजा महिना १२ हजार आणि कमाई ३० टक्क्यांनी घटली असं धरलं, तर वर्षाचे ४३,२०० बुडाले, ५१ ते ५५ वयाला ११ चा गुणक लागतो, म्हणजे वर्षाचं नुकसान वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, म्हणजे ४,७५,२०० झाले, दवाखाना, यातना, पुढचं ऑपरेशन, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च वेगळा. कमाईचा कागद नसेल तर गिऱ्हाईक बायकांची वही, ब्लाउज शिवल्याच्या चिठ्ठ्या, जे असेल ते ठेवा. आणि घरातल्या कामालाही किंमत आहे, कोर्ट ती धरतं, ते मागायला लाजू नका.

मेडिक्लेम, म्हणजे आपल्याच आरोग्य विम्याचे पैसे, मिळाला म्हणून भरपाईतून बिलांचे पैसे कापतील ही भीती सोडा, मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ते कापायचे नाहीत असं सांगितलंय.

वकील टक्केवारीवर केस घेतो म्हणाला तर त्याच्याकडे जाऊ नका, वकिलांना तशी फी घ्यायची परवानगीच नाही. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो, ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, आईचं आधार आणि एफआयआरची कॉपी घेऊन जा. माझं प्रकरण शेवटी लोकअदालतीत मिटलं, अडीच वर्षं लागली.

सोमवारी आधी पोलीस स्टेशनला जाऊन पंचनाम्याची नक्कल मागा, त्यात टायरच्या खुणा आणि दोन्ही गाड्या कुठे थांबल्या ते लिहिलेलं असतं. मिळाली की जिल्हा कोणता ते इथेच खाली लिहा, पुढचं मी सांगतो.