चेनसॉ: व्यावसायिक हप्त्यांवर, की मधला रोखीने?

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रातली गोष्ट थोडक्यात अशी. वर्षाला साधारण ३० घनमीटर सरपण लागतं. आजवर माणूस बोलावून ते कापून घेत होतात, आता स्वतःचा चेनसॉ घ्यायचाय. तीन यंत्रं पाहिलीत: एक स्वस्तातलं, दुसरं त्याच्या अडीचपट किमतीचं आणि तिसरं व्यावसायिक, चौपट किमतीचं. 'घ्यायचं तर एकदाच चांगलं' म्हणून तिसरं हप्त्यांवर घ्यावं असं मनात आहे. माझं मत: दुसरं घ्या, आणि बाजूला काढलेल्या रकमेतूनच घ्या.

स्वस्त यंत्राची किंमत १०० धरू. तुमच्या कामाच्या ओझ्याखाली ते दोन हंगाम चालेल असा माझा अंदाज आहे, आणि नंतर त्याला कोणी विचारणार नाही. म्हणजे वर्षाला ५०. मधलं २५० चं. नीट वापरलं तर आठ वर्षं चालावं आणि विकताना ५० तरी यावेत. वर्षाला २५ पडले. व्यावसायिक ४०० चं, बारा वर्षं धरू, विकून १२० येतील. वर्षाला साधारण २३. स्वस्त यंत्र सगळ्यात महाग पडतंय, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण वरच्या दोघांत वर्षाला फक्त दोनचा फरक उरतो आणि हप्त्यांचं व्याज तो सहज गिळून टाकेल.

चौपट पैसे मोजून मिळतं काय, तेही पाहा. स्टिल कंपनीचे एमएस २७१ (मधल्या वर्गातला) आणि एमएस २६१ (व्यावसायिक) हे दोन्ही ५०.२ सीसीचे. पहिल्याची ताकद २.६ किलोवॅट आणि वजन ५.६ किलो, दुसऱ्याची ३ किलोवॅट आणि ४.९ किलो, बार (साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) आणि साखळी सोडून. हस्कवार्ना कंपनीचा मधल्या वर्गातला ४५५ रँचर ५५.५ सीसीचा, ताकद २.६ किलोवॅट. जो माणूस रोज आठ तास जंगलात झाडं पाडतो त्याच्या खांद्याला ते पाऊण किलो संध्याकाळी कळतं, त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. तुम्ही वर्षातले काही आठवडे, तेही पाडलेल्या झाडांचे ओंडके करणार. त्यासाठी ५० ते ६० सीसी आणि १६ ते १८ इंची बार पुरे. लांब बारचा मोह टाळा. त्याने कापणी वेगात होत नाही, इंजिनावर भार येतो आणि धार लावायला दात वाढतात. जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते तुमच्या अंदाजपत्रकात कुठेच नाही. साखळी अडवणारी पँट, हेल्मेट-जाळी, कानावरचे मफ, बूट, हातमोजे. यासाठी १०० बाजूला ठेवा, म्हणजे एकूण खर्च ३५०. पूर्ण थ्रॉटलवर साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. बारचं टोक लाकडाला टेकलं की यंत्र उसळून अंगावर येतं, आणि हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तुमच्या घरात कमावता हात एकच आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तो दोन महिने प्लॅस्टरमध्ये गेला तर वरचं सगळं गणित कोसळतं. ही पँट मला विम्याच्या हप्त्याइतकीच आवश्यक वाटते.

दोन जादा साखळ्या, एक गोल कानस आणि साखळीचं ऑइल पहिल्याच दिवशी घ्या. कानस साखळीच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांमधल्या अंतराप्रमाणे लागते, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिमीची. धार आहे की गेली, हे भुसा सांगतो. ओंजळीत घेऊन बघा: जाडसर चकत्या पडत असतील तर ठीक, पिठासारखी भुकटी पडत असेल तर थांबा आणि दात घासा. बोथट साखळी दाबून चालवली की बार, क्लच आणि पेट्रोल तिन्ही झिजतात.

माझ्या धाकट्या भावाने एकदा घाईत साधं पेट्रोल भरलं, ऑइल न मिसळता. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलच्या लिटरला २० मिलि ऑइल हवं, ५० ला १. काही मिनिटांत इंजिन जाम झालं. मेकॅनिकने सिलिंडर उघडून पिस्टन हातात दिला तेव्हा त्यावरच्या उभ्या ओरखड्यांत नख अडकत होतं. दुरुस्तीचा आकडा नव्या यंत्राच्या जवळ गेला. म्हणून मिश्रणाच्या कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा. जुन्या पेट्रोलने कार्बोरेटर चोंदतो.

एक हिशेब अजून राहिला. बाहेरून कापून घ्यायला वर्षाला मधल्या यंत्राच्या निम्मी किंमत जाते, म्हणजे १२५. पेट्रोल, ऑइल, साखळ्या आणि किरकोळ दुरुस्ती यांचे वर्षाला ४० धरले, तर वाचतात ८५. ३५० वसूल व्हायला चार हंगाम लागतील, आणि त्यात तुमच्या मेहनतीचं मोल धरलेलं नाही. पुढची चार-पाच वर्षं इतकंच सरपण लागणार आणि पाठ साथ देणार, याची खात्री असेल तरच घ्या. घरातल्या माणसांशी यावर एकदा मोकळेपणाने बोला. लाकडं रचायला त्यांचेही हात लागणार आहेत.

बाजूला काढलेल्या रकमेत यंत्र आणि संरक्षक साहित्य जेमतेम बसतं, असं दिसतंय. दुकानात गेल्यावर ती कमी पडली तर पँट वगळू नका आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली चार महिन्यांच्या खर्चाची ठेवही मोडू नका. हा हंगाम कापणाऱ्यालाच बोलवा, दर महिन्याला थोडे टाका आणि पुढच्या हंगामाआधी घ्या. आणि खरेदीच्या दिवशी दुकानदाराला किमतीआधी विचारा, की याचे सुटे भाग तुमच्याकडे आत्ता शेल्फवर आहेत का, आणि दुरुस्ती कोण करतं. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर तिथून घेऊ नका.