जर्मनीतल्या कोलोन शहराच्या नावाचा अर्थ काय?

थोडक्यात सांगायचं तर कोलोन म्हणजे कॉलनी. आपण रेल्वे कॉलनी, शिक्षक कॉलनी म्हणतो ना, तोच शब्द, लॅटिनमधला 'कोलोनिया', म्हणजे वसाहत.

तिथे ऱ्हाईन नदीकाठी आधी उबी नावाच्या जर्मन जमातीचं गाव होतं आणि रोमनांनी तिथे एक वेदी बांधली होती. अग्रिपिना याच गावात जन्मली, पुढे तिचं लग्न रोमन सम्राट क्लॉडियसशी झालं (नीरो हा तिचाच मुलगा) आणि इ.स. ५० मध्ये तिच्या जन्मगावाला कोलोनियाचा दर्जा मिळाला, तेव्हा नाव पडलं 'कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम'. म्हणजे क्लॉडियसची वसाहत, वेदीजवळची, अग्रिपिनाच्या लोकांची. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार, त्यामुळे हळूहळू बाकीचं सगळं गळालं आणि नुसतं कोलोनिया उरलं, त्याचंच जर्मन तोंडात 'क्योल्न' झालं. कोलोन हे फ्रेंच रूप, तेच इंग्रजीतून आपल्याकडे आलं.

मला सगळ्यात आवडते ती तिथल्या रोमन उत्तर वेशीची कमान, तिच्या दगडावर 'सी सी ए ए' ही चार अक्षरं कोरलीयत, म्हणजे अख्ख्या नावाची आद्याक्षरं! तो दगड तिथल्या म्युझियममध्ये आहे.

आणि हो, ताप आला की कपाळावर ज्याच्या पट्ट्या ठेवायचे ते यूडीकोलन, म्हणजे 'कोलोनचं पाणी', ते पण याच शहराचं. फरिना नावाच्या इटालियन माणसाने अठराव्या शतकात तिथेच बनवलेलं अत्तर.