सेक्वॉयाची रोपं का कोलमडतात?

प्रश्न : जायंट सेक्वॉया या महाकाय सूचिपर्णी झाडाचं बी पेरलं. थोडंच उगवलं, आणि दोन आठवड्यांत बहुतेक रोपं आडवी झाली. कुठे चुकलं?

उत्तर : कमी उगवणं ही तुमची चूक नव्हे. या झाडाचं बरंचसं बी पोचटच निघतं, म्हणून भरपूर पेरावं. बी रात्रभर भिजवा, निथळून पिशवीत घाला आणि फ्रीजमध्ये ३-४ अंशांवर महिनाभर ठेवा. पेरताना वर जेमतेम ३ मिलिमीटर वाळू भुरभुरवा.

आता एक आडवं रोप उचलून बघा. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला दिसेल. ही मर, म्हणजे बुरशी. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात वणवा पालापाचोळा जाळून जातो, उष्णतेने शंकू उघडतात आणि बी उघड्या मातीवर पडतं. कुजकट, ओलसर थराची या रोपांना सवयच नसते. तेव्हा शेणखत, कंपोस्ट अजिबात नको. निम्मं कोकोपीट, निम्मी जाडी वाळू पुरते. पाणी खालच्या ट्रेमधून द्या, अर्ध्या तासाने ट्रे रिकामा करा आणि वारा खेळता ठेवा. पुढे रोप २५-३० सेंटीमीटर खोल कुंडीत हलवा. उथळ कुंडीत मुळं गोल फिरतात आणि तो दोष झाड मोठं झालं तरी जात नाही.

प्रश्न : आमच्या बागेतल्या दीडशे वर्षांच्या सेक्वॉयाचा शेंडा वाळलाय, आतली पालवीही तपकिरी दिसते. झाड पाडावं लागेल का?

उत्तर : एवढ्यावरून मुळीच पाडू नका! जनरल शर्मन या जगातल्या सर्वांत मोठ्या झाडाचाही शेंडा वाळलेलाच आहे. शरद ऋतूत आतली पालवी गळते, तेही नेहमीचंच. मात्र हिरव्या पसाऱ्यात एखादीच फांदी टोकापर्यंत तपकिरी होऊन डिंक गाळत असेल, तर तो कँकर, म्हणजे फांदीची साल मारणारा रोग. कोरड्या हवेत निरोगी लाकडापर्यंत छाटा आणि प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटने पुसा.

खरी काळजी मुळांची. ती बहुतेक वरच्या मीटरभर मातीतच दूरवर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी माती घट्ट झाली की गुदमरतात. भोवती कुंपण घाला, ८-१० सेंटीमीटर लाकडी भुशाचं आच्छादन करा, पण ते खोडाला टेकू देऊ नका. अवर्षणात पाणी खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली सावकाश मुरवा.

आणि तुमच्या झाडाचं बी मूळच्या कुठल्या राईतलं, ते बागेच्या जुन्या दप्तरात शोधा. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत मायभूमीतले हजारो मोठे सेक्वॉया गेले. मूळ ठाऊक असलेल्या झाडाचं बी तिथल्या जातीच्या जतनासाठी फार मोलाचं असतं.